जावयाची शिट्टी

मी एकदा समुद्राला सकाळी सहाची वेळ दिली होती. सहाला काम सुरू, नऊला न्याहारीची शिट्टी. त्याला विचारलं मात्र नव्हतं.

एकाहत्तरची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी पलटणीत सुभेदार होतो आणि तेव्हा मला एका ट्रेनिंग सेंटरवर होतकरू हवालदारांना शिकवायला धाडलं होतं. माझा विषय होता, परिस्थिती बदलली की पुढे उभ्या असलेल्या माणसानं कसं बदलावं. हा विषय मी फार रंगवून शिकवायचो. राजस्थानच्या वाळूत पाणी कसं पुरवलं, डोंगरातल्या थंडीत बंदुकीचं तेल घट्ट झालं तेव्हा काय युक्ती केली, पूर्वेकडच्या दलदलीत नकाशातली वाट सापडेना तेव्हा गुरांच्या पायवाटेनं कसे बाहेर पडलो, एकेक किस्सा असा मीठमसाला लावून. शेवटी फळ्यावर खडू आपटून म्हणायचो, "आपला प्लॅन जमिनीला मान्य आहे का, हे आधी जमिनीला विचारा!" समोरचे हवालदार हे वाक्य उतरवून घ्यायचे. मी स्वतः ते कुठे उतरवून घेतलं नव्हतं.

त्या वर्षी गणपतीला धरून रजा मिळाली. मी रोह्याचा, म्हणजे रोह्यापासूनही आत, डोंगराच्या पायथ्याच्या गावचा. आमच्याकडे पाणी एकाच दिशेनं वाहतं. वरून येतं, खाली जातं, गेलेलं परत येत नाही. सासुरवाडी मात्र पेण तालुक्यात, पार खाडीकाठी. रोह्याहून एसटीनं कासूला उतरायचं आणि पुढे बांधाबांधानं चालत जायचं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण मी तिथे कधी दोन रात्रींच्या वर टिकलो नव्हतो. आलो की पाटावर बसायचो, कोंबडी-वडे हाणायचो, झोपायचो, निघायचो. खाडी मी पाहिली होती ती जेवण झाल्यावर, लांबून, दात कोरत.

बायको नारळी पौर्णिमेसाठी आधीच माहेरी गेली होती. तिला आणायला म्हणून दुसऱ्या दिवशी पोचलो, तर सासरे खाटेवर आडवे आणि त्यांचा पाय फळ्यांना बांधलेला. आदल्या दिवशी गावानं खाडीला नारळ दिला होता आणि खाडीनं त्याच उधाणात बाहेरचा बांध फोडून नेला होता. तिकडे धावताना सासरे घसरले होते.

खाडीचं खारं पाणी भातशेतात येऊ नये म्हणून गावानं मातीचा उंच बांध घातलेला असतो. त्याला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. आत आणखी एक बुटका बांध होता, तो रोजची भरती कशीबशी अडवत होता. पण अमावास्येचं उधाण त्याच्या डोक्यावरून जाणार, यात कुणालाच शंका नव्हती. खांडीसमोरचं पहिलं शेत सासऱ्यांचं. लावणी होऊन भात हिरवंगार उभं होतं. तिथे एकदा खारं पाणी चढून बसलं की ते पीक तर जातंच, पुढली दोन-तीन वर्षंही त्या जमिनीत काही धड होत नाही. आणि सासऱ्यांना दुसरं शेत नव्हतं.

अशा वेळी घरटी एक माणूस खांडीवर जातो, हा गावाचा रिवाज. पुढे उभं राहून काम करवून घेणारे नेहमी सासरे. त्यामुळे संध्याकाळी गाव पडवीत जमलं आणि सगळे त्यांच्या पायाकडे पाहत बसले. सासऱ्यांनी उशीवरून मान उचलली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"आमचे जावय पलटनीत सुभेदार हायत. माज्या जागी ते उभे ऱ्हातील."

असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर, एवढ्या दुखण्यातही, जे काही उमटलं ते पाहून मी छाती फुगवली. अजूनही कधीकधी वाटतं, ती छाती जरा कमी फुगवली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

इथे सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या माझ्याशी थेट बोलत नसत. जावयाशी असं तोंड वर करून बोलायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, दाराआड उभं राहून, त्या माझ्या बायकोला सांगत. बायको नसेल तर भिंतीला सांगत. "म्हनावं, चा थंड व्हतो हाय." मी भिंतीला उत्तर द्यायचो, "आलोच." त्या संध्याकाळी गाव उठून गेल्यावर त्या चुलीपाशी बसलेल्या मांजराला म्हणाल्या, "म्हनावं, पानी बघून करा काय ते."

मांजरानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, जावई पाण्यात पडेल याची त्यांना काळजी. मी मोठ्यानं हसून म्हणालो, "मामींना सांग, वाळवंटापासून बंगालपर्यंतचं पाणी बघून झालंय." मांजर उठून गेलं.

दुसऱ्या दिवशी सहाला मी बुटांच्या नाड्या आवळून, गळ्यात शिट्टी अडकवून बांधावर हजर. गावही हजर. खाडी आटलेली, खांड उघडी पडलेली, सगळं कसं मनासारखं. बांबूचे खुंट ठोकले, मध्ये पेंढा कोंबला, वर चिखल चढवला. मी शिट्टीवर माणसं हलवत होतो आणि काम असं सरसर चाललं होतं की मला माझंच कौतुक वाटलं. मनात म्हटलं, खाडी सकाळची अशीच असते तर. वेळ ठरून गेली. सहा ते नऊ काम, नऊला न्याहारी, मग पुन्हा काम.

त्यानंतरच्या दिवशी माणसं उशिरा आली. फार नाही, पाऊण तास. मी नुसतं घड्याळाकडे पाहिलं. पुढच्या दिवशी आणखी उशिरा आली. मग आणखी. मी त्यांना बांधावर ओळीनं उभं करून वेळेचं महत्त्व सांगितलं. पलटणीत एका मिनिटानं काय काय होतं ते ऐकवलं. सगळ्यांनी माना खाली घालून ऐकलं. बायकोचे चुलते, ज्यांना सगळं गाव काका म्हणायचं, ते तर मध्येमध्ये "व्हय बापू, बराबर" असंही म्हणत होते. आणि पुढच्या दिवशी आणखी तेवढेच उशिरा.

शत्रूच्या हालचालीत ठरावीकपणा दिसला की त्यामागं कारण शोधायचं, हे मीच शिकवत असे. आणि एक अख्खं गाव, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, ठरवून दिल्यासारखं रोज त्याच मापानं आणखी उशिरा येतंय, यामागं काही कारण असेल हे मला सुचलं नाही. मी त्याला शिस्तीचा अभाव असं नाव दिलं.

उशिरा येऊन ती माणसं मन लावून कामाला भिडायची, आणि हात चालायला लागले की नऊ वाजायचे. मी शिट्टी फुंकायचो. एकमेकांकडे बघत सगळे बाहेर यायचे, बांधावर बसायचे आणि भाकरी सोडायचे. समोर खाडीचा तळ कोरडा पडलेला असायचा, खेकडे फिरताना दिसायचे, आणि गाव भाकरी चावत त्याकडे बघत बसायचं. मी काकांना म्हणालोसुद्धा, "बघा, शिस्तीत खाल्लं की अंगी लागतं." काका म्हणाले, "लागतं तर." न्याहारी आटपून खाली उतरावं तर पाणी परत आलेलं असायचं, आणि सकाळचा अर्धा चिखल त्याच्याबरोबर निघून जायचा. भगदाड जिथल्या तिथं. सासरे रोज संध्याकाळी विचारायचे, "काय म्हनते खांड?" मी म्हणायचो, "प्रगती आहे." ते डोळे मिटून घ्यायचे.

मग आली गोकुळाष्टमी. त्या दिवशी मी ठरवलं, माणसं येवोत न येवोत, आपण स्वतः सुरुवात करून लाजवायचं. पुढे उभ्या असलेल्या माणसानं स्वतः आधी उडी घ्यावी, हेही माझ्या व्याख्यानात होतंच. सहाला बांधावर गेलो तर चिटपाखरू नव्हतं आणि खाडी काठोकाठ. पाणी खांडीतून आत घुसत होतं. मी म्हटलं, आज हिला काय झालं? कडेला एक खुंट सैल झालेला दिसला. तो ठोकावा म्हणून मोगरी घेऊन उतारावरून खाली पाय टाकला, चांगल्या घट्ट दिसणाऱ्या चिखलावर. तो घट्ट नव्हता. दुसरा पाय टाकून पहिला काढायला गेलो, तर दोन्ही मांडीपर्यंत आत. पाणी कमरेशी आलं. मी मोगरी हातात धरून, पुतळ्यासारखा, खाडीकडे तोंड करून उभा राहिलो.

थोड्या वेळानं काका आले, कामासाठी नव्हे, सकाळचे पाय मोकळे करायला. बांधावर थांबले. विडी काढली.

"काय बापू, लवकर आलाव?"

"हो. म्हटलं जरा पाहणी करावी."

"बरं केलाव." त्यांनी विडी पेटवली. "पानी गार नाय ना?"

"छे. बरं वाटतं."

"काय अडचन तर नाय?"

"नाही नाही. तुमचं चालू द्या."

काका खाली बसले. आम्ही हवेबद्दल बोललो. यंदा पेणहून गणपती कुणी कुणी सांगितलाय त्याबद्दल बोललो. रंग कुठला चांगला, उंदीर केवढा असावा, यावर त्यांनी माझं मत विचारलं आणि मी छातीला लागणाऱ्या पाण्यातून ते दिलं. जावयाला, तू चिखलात रुतलायस, असं कसं सांगायचं? आणि जावयानं तरी आपल्या तोंडानं ते कसं कबूल करायचं? काकांचे डोळे मात्र पाण्याच्या रेषेवर होते. पाणी शिट्टीपर्यंत आलं तेव्हा त्यांनी घसा खाकरला आणि शक्य तितक्या अदबीनं म्हणाले, "आज अष्टमी. वसुदेव असाच गेला व्हता यमुनेत. पन त्याच्या डोईवर टोपली व्हती. तुमची टोपली कुठं ऱ्हायली, बापू?"

तेवढ्यात बायको चहाची किटली घेऊन आली. तिनं एका नजरेत सगळं पाहिलं आणि किटली ठेवली.

"काका, हे बुडतायत आणि तुम्ही विडी ओढताय?"

"अगो, ते पाहनी करतायत."

"कसली डोंबलाची पाहनी! फळी आणा!"

काकांनी फळी चिखलावर आडवी टाकली, बायकोनं माझे दंड धरले, आणि मुळा उपटावा तसं दोघांनी मला उपटलं. डावा बूट आला नाही. तो मागे राहिला आणि त्याच्यावर खाडीनं दोन बुडबुडे सोडले.

बांधावर एका बुटानिशी बसून मी गाव किती बेशिस्त आहे ते सांगायला लागलो. बायकोनं मला मध्येच तोडलं.

"अहो, भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. काल ज्या वेळी पाणी ओसरून सुकती होती त्या वेळी आज नसते. हे इथल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे. माणसं सुकतीला येतात, तुमच्या सहाला नाही. आणि चांगली सुकती लागली की तुम्ही शिट्टी मारून त्यांना जेवायला बसवता!"

मी काकांकडे पाहिलं. काका विडीकडे पाहत होते.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"कोन सांगल?" काका म्हणाले. "जावय तुमी. वर दादानं सगल्यांम्होरं तुमाला उभं केलेलं. तुमाला चुकलाव म्हनायचं म्हंजे दादाला चुकलास म्हनायचं. गाव म्हनलं, चार दिस ऐकू. तसाबी पान्याचा जोर अष्टमीलाच उतरतो."

"आणि मला कुणी सांगावं?" बायको म्हणाली. "पहिल्या दिवशी मी सांगायला आले, तर तुम्ही म्हणालात, ड्युटीवर असताना मध्ये बोलू नकोस."

ते मी खरंच म्हणालो होतो.

घरी आलो आणि सासऱ्यांच्या खाटेशी उभा राहिलो. ते माझ्या एका पायाकडे बघत होते, ज्यात बूट नव्हता.

"मामा," मी म्हणालो, "खांड बुजेपर्यंत मी जावई नाही. मला पाट नको, मान नको. मी घरटी एक माणूस म्हणून जातो. या घरचा. गावाला तसं सांगा."

"असं कसं सांगू? लोक काय म्हनतील?"

"म्हणू दे की. मामा, तुम्हीसुद्धा रोज डोळे मिटून घेत होतात. तुम्हाला ठाऊक होतं ना?"

सासऱ्यांनी मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाले, "मीच तुमाला उभं केलं. आता मीच कसं बसा म्हनू?" खिडकीतून त्यांचं शेत दिसत होतं. त्याच्याकडे पाहूनच त्यांनी काकांना हाक मारली आणि सांगितलं, "आजपासून तू उभा ऱ्हा. आनि यांना चिखल वाहायला ठेव. भीड नको धरूस."

त्यांनी भीड धरू नको म्हटलं, आणि गावानं ते फारच मनावर घेतलं. इतक्या दिवसांचं जे काही त्यांच्या पोटात साचलं होतं ते सगळं बाहेर आलं. त्या दिवशी दुपारच्या सुकतीला मी अनवाणी, लंगोट आवळून रांगेत उभा राहिलो. चिखलाचे गोळे हातोहात पुढे द्यायचे होते.

"बापू, गोळा फुडं द्या! मांडीवर घेऊन काय बसलाव, बारसं करायचं हाय का त्याचं?"

"अवो, पाय असा ताठ नका ठेवू, चिखलाला सलामी नाय द्यायची."

"पलटनीत भाकरी फुकटच देतात काय वो?"

ही शेवटची माझ्या बायकोची चुलत वहिनी. आदल्या दिवसापर्यंत ती मला बघून पदर सावरून आत पळत असे. माझ्या हातून एक गोळा निसटून काकांच्या पायावर पडला, तेव्हा काकांनी मला जे म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. पण त्यानंतर ते मला एकदाही 'व्हय बापू' म्हणाले नाहीत, आणि मला हलकं वाटलं.

अष्टमीच्या आसपास भरतीला जोर नसतो. त्याला भांग म्हणतात. खांड बुजवायचे खरे दिवस ते, आणि गाव त्याचीच वाट बघत मला सोसत होतं. आता काका पाण्याकडे बघून हाळी द्यायचे. कधी ती सकाळी उशिरा यायची, कधी टळटळीत दुपारी, कधी हातातला घास खाली ठेवून पळायला लागायचं. मी घड्याळ काढून फडताळात ठेवलं. शिट्टीही त्याच्या शेजारी.

माझी एकच गोष्ट कामाला आली. पाण्यात पुढे उभी असलेली माणसं गारठून जायची आणि तरी हटायची नाहीत. जो पुढे तो पुढेच. मी काकांना सुचवलं, हाळी झाली की पुढच्यांनी मागे यावं, मागच्यांनी पुढे जावं, मागे आलेल्याला गरम चहा. पलटणीत पहारा असा बदलतात. काकांनी विचार केला, खाडीत थुंकले आणि म्हणाले, "ह्ये बरं हाय. तुमच्या पलटनीत कोनतरी शानं असल म्हनायचं." तो कोणीतरी मी नव्हतो, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

खुंटांच्या दोन रांगा, मध्ये पेंढा, वर चिखल, पुन्हा पेंढा. हळूहळू खांडीतलं पाणी अरुंद झालं, मग ओहोळाएवढं झालं, मग एका दुपारी त्याच्यावर काकांनी शेवटचा गोळा बसवला आणि सगळ्यांनी मिळून तो पायांनी तुडवला. माझा डावा बूट आत कुठेतरी तसाच राहिला. "ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "खाडीला वाटल पलटन हाय."

पण खरी परीक्षा अमावास्येची होती. ओला चिखल, नवा बांध, आणि वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी एक. त्या दिवशी दुपारी सगळं गाव बांधावर गोळा झालं. सासरे ऐकेनात, म्हणून त्यांना खाटेसकट उचलून आणलं आणि बांधाच्या कडेला ठेवलं. त्यांची पाठ शेताकडे आणि तोंड खाडीकडे. पाणी चढत होतं. शेजारच्या जुन्या बांधावरल्या पाण्याच्या खुणेपर्यंत आलं, खुणेवर आलं, नव्या चिखलाला चाटायला लागलं. एका जागी बारीकसं झिरपलं. वहिनी धावली, तिनं तिथे पेंढा दाबला, मी वर चिखल थापला, आणि आम्ही दोघं त्याच्यावर हात ठेवून बसून राहिलो. हाताखाली बांध गार होता आणि पलीकडून पाण्याचा दाब कळत होता. मी आयुष्यात इतका वेळ तोंड मिटून कधी बसलो नव्हतो.

मग पाण्याचा फेस एका जागी थांबला. तिथून तो किंचित खाली गेला. काकांनी टोपी काढली. सासऱ्यांनी खाटेवर मान वळवून आपल्या भाताकडे पाहिलं आणि पंच्यानं तोंड पुसलं, नुसता घाम पुसतोय असं दाखवत.

बायका घरून जेवण घेऊन आल्या होत्या. सासूबाई डोक्यावर टोपली घेऊन उभ्या होत्या. मला राहवलं नाही. अंगाला चिखल फासलेला, पायात काही नाही, आणि तरी आतून तीच छाती पुन्हा फुगून वर आली. बायको समोरच होती, भिंत नव्हती, मांजर नव्हतं, पण मी रीत विसरून सरळ त्यांच्याकडेच वळलो आणि म्हणालो, "बघितलंत मामी? टिकला की नाही आपला बांध?"

त्यांनी टोपली उतरवली. पदर मागे सारला. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं.

"टिकला तो तुमची शिट्टी फडतालात व्हती म्हनून," त्या म्हणाल्या. "आता पाय धुवा आनि गप जेवा."